मावशीचं पान

आमच्या मंडळीचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी इतिहासाचा मास्तर होतो. अवसरीजवळच्या शाळेत मी जन्मभर शिकवलं आणि त्यातली निम्मी वर्षं मुलांना सनावळ्या घोकायला लावल्या, हे आमच्या पंचांना कुठं ठाऊक? पेठेच्या बाजूला आमचं छोटं देऊळ आहे. आम्ही जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतो, आणि मंडळी म्हणजे त्या देवळातली माणसं. वर्धापनदिन यंदा मोठा करायचा आणि स्मरणिका काढायची असं ठरलं. रविवारची उपासना संपल्यावर चहा पिता पिता एका पंचानं माझ्याकडे बोट दाखवलं. "सर हायेत की रिकामे." रिकामा होतोच. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगी पुण्यात, घरात मी आणि नव्वदीला टेकलेली माझी आई. मी हो म्हणालो, आणि खरं सांगायचं तर मनातून सुखावलोही. पहिल्या पानावर 'लेखक' म्हणून फोटोसकट नाव येणार होतं.

प्रोटेस्टंट मंडळ्यांचे असले इतिहास मी पुष्कळ वाचले आहेत. सगळे एकाच साच्यातून काढलेले. आधी अंधार असतो, मग मिशनरी साहेब घोड्यावरून येतो, मग दुष्काळ पडतो आणि शेवटी कोनशिला बसते. दुष्काळसुद्धा देवानंच पाठवलेला असतो, कारण त्या सालात बाप्तिस्मे वाढलेले असतात. मी श्रद्धावान माणूस आहे, सकाळची प्रार्थना झाल्याशिवाय चहाला हात लावत नाही. पण त्या दुष्काळात जे मेले त्यांच्या वतीनं कोणीतरी एखादा प्रश्न विचारायला हवा, असं मला नेहमी वाटत आलंय. आमच्या देवळाच्या कपाटात मिशनच्या जुन्या अहवालांच्या झेरॉक्स आहेत. त्यात साहेबाच्या घोड्याचं नाव दोनदा आलंय. माझे आजोबा, आईचे वडील, त्याच मिशनच्या शाळेत मास्तर होते, मंडळीचं रजिस्टर तेच लिहायचे. अहवालात ते फक्त 'आमचा येथील मदतनीस' आहेत.

मी इतिहास लिहिणार हे कळल्यावर आईनं मला जवळ बोलावलं. काचबिंदूनं तिचे दोन्ही डोळे गेलेले, पण माझ्या पावलांवरून माझा मूड ओळखायची.

"मास्तर," ती म्हणाली. रागात किंवा लाडात असली की ती मला मास्तरच म्हणायची. "तुझ्या त्या पुस्तकात माझ्या बहिणीचं लिव्ह."

"मावशीचं? काय लिहू?"

"ती आमच्यातली व्हती आसं लिव्ह. तिचं नाव काढलं व्हतं, ते परत घाल. मी मरायच्या आदी मला ते देवळात ऐकायचंय."

एवढंच तिचं मागणं होतं. आयुष्यभर आईनं माझ्याकडे काही मागितलेलं मला आठवत नाही. साडीसुद्धा मीच बळेबळे आणायचो.

मावशी आईपेक्षा तीन वर्षांनी लहान. ती पंधरा वर्षांची असताना मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, बदलून गेले आणि नवे आलेच नाहीत. त्यातच आजोबांना टायफॉइड झाला. पंच म्हणवणारे पुरुष शेताला लागले, आणि देऊळ बंद पडायची वेळ आली. तेव्हा मावशीनं दर रविवारी दार उघडलं, झाडलोट केली, घंटा वाजवली, अध्याय वाचला. लिहितावाचता न येणाऱ्या बायकांना खुरपणी करता करता एकेक ओळ म्हणून दाखवत तिनं सगळी गीतं पाठ करून घेतली. आज आमच्याकडे ज्या म्हाताऱ्या डोळे मिटून सात-सात कडवी म्हणतात, त्यांच्या आयांनी ती मावशीकडून घेतलेली आहेत. जवळजवळ वर्षभर ती मंडळी एका पोरीनं सांभाळली, आणि याचा एक शब्दही कुठल्या कागदात नाही.

पुढं तिचं लग्न जुन्नर तालुक्यात निमगाव सावाला झालं. घर आमच्या नात्यातलंच, पण ख्रिस्ती नव्हे. नवरा बाप्तिस्मा घेईन म्हणाला होता. मग छप्पन्न साल आलं, नागपूरला दीक्षा झाली, आणि पाठोपाठ निमगावची ती सगळी वस्ती बौद्ध झाली. मावशीचं सासर झालं, तशी मावशीही झाली. इकडे पंच बसले आणि तिचं नाव कमी करायचं ठरवून मोकळे झाले. रजिस्टर लिहिणारे तिचे वडीलच. मी ती ओळ पाहिलीय. आजोबांचं अक्षर मोत्यासारखं, पण त्या ओळीत टाक इतका रुतलाय की मागच्या पानावर वळ उमटलेत. 'मागे फिरली. नाव कमी केले.'

आई त्या वेळी तिथंच होती. "त्यांचा टाक मोडला," तिनं मला सांगितलं. "मला म्हनले, दुसरा आन. म्या आनून दिला." हे सांगताना ती नव्वदीची बाई लहान मुलीसारखी रडली. सत्तर वर्षं ती हे एकटी घेऊन बसली होती, आणि मला, तिच्या पोटच्या पोराला, त्याचा पत्ता नव्हता.

बहिणींचं भांडण असं कधीच नव्हतं. लग्नकार्यात भेटायच्या, एका ताटात जेवायच्या. अलीकडे दोघींचे कान गेल्यामुळे फोनवर "जेवलीस का" एवढंच एकमेकींना ओरडून विचारायच्या. पण मावशी आमच्या देवळात परत पाऊल टाकेना. जिथून काढलं तिथं कशाला जायचं, असं तिचं सरळ म्हणणं. आणि ये म्हणून तिला कोणी बोलावलंही नव्हतं.

मी ते पान लिहिलं. इतकं मन लावून मी आयुष्यात काही लिहिलं नसेल. मावशीनं काय केलं ते लिहिलं, तिचं नाव कसं कमी झालं ते लिहिलं, आणि ते चुकीचं होतं असंही लिहिलं. आईला वाचून दाखवायला गेलो तर तिनं हातानंच थांबवलं.

"आत्ता नगं. त्या दिवशी ऐकीन. ती शेजारी बसंल तवा."

"आई, ती येईल असं वाटत नाही."

"तू जाऊन सांग. तू मास्तर हायेस, तुझं ऐकंल."

मग ती म्हणाली, "आन् हे बघ, देवानं आमाला राखलं आसं लिवशील, ते खरंच हाय. पर त्याचा हात तिच्यावरबी व्हता. त्यानं तिच्यावरचा हात काढला आसं कुनी सांगितलं तुमाला?"

मी निमगावला गेलो. नारायणगाव सोडून उजवीकडे वळलं की दोन्ही बाजूंना ऊस आणि कांदा. मावशीचं घर रस्त्यालगतच. तिच्या नातवानं आता पक्कं बांधलंय, दारावर निळा रंग, आत बुद्धाची तसबीर. मावशी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी निमंत्रण दिलं. तिनं पत्रिका उलटसुलट करून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"मावशी, मी इतिहास लिहिलाय. त्यात तुझ्यावर अख्खं पान आहे."

"माज्यावर?" तिनं शेंगांचं सूप खाली ठेवलं. "काय लिवलंस?"

"तू देऊळ सांभाळलंस ते. आणि तुझं नाव काढलं ते चूक होतं, असंही."

ती पदरानं डोळे पुसून म्हणाली, "तुज्या आजाच्या देवळात आसं वाचनार? समद्यांम्होरं?"

"मीच वाचणार."

"मंग येते," ती म्हणाली.

इथपर्यंत सगळं नीट झालं. पुढचं सगळं मी केलं, आणि त्याचं खापर फोडायला माझ्याशिवाय दुसरं डोकं नाही.

वर्धापनदिनाच्या दहा दिवस आधी पाळकसाहेब घरी आले. वयानं माझ्या मुलीएवढे, मनानं निर्मळ. आईला मध्यंतरी चक्कर आली तेव्हा त्यांनीच तिला उचलून गाडीत घातलं आणि मंचरला नेलं होतं. त्यांच्या हातात माझ्या लेखाची प्रत होती आणि मावशीच्या पानाला क्लिप लावलेली.

"सर, लेख फार सुंदर झालाय. फक्त या पानाचा विचार करावा लागेल."

"का?"

"आपण लिहितोय ती साक्ष आहे. देवानं ही मंडळी कशी राखली, हे त्यातून दिसलं पाहिजे. हे पान वाचून आमच्या तरुणांनी काय घ्यायचं? सोडून गेलं तरी काही बिघडत नाही, असंच ना?"

"मी घडलं ते लिहिलंय, पाळकसाहेब."

"घडलेलं सगळं कोण लिहितं, सर? तुम्हीसुद्धा निवडलंच आहे. मी एवढंच म्हणतोय की विश्वासाच्या डोळ्यांनी निवडा."

याला उत्तर होतं. आईनं ते मला आयतं दिलं होतं. पण त्या क्षणी ते माझ्या तोंडात आलं नाही. मी चरफडलो, मोठ्या आवाजात पुराव्यांवर एक व्याख्यान दिलं, शाळेत द्यायचो तसं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, दोन पंचांचा या पानाला सक्त विरोध आहे, पुण्याहून मोठे पाहुणे येणार आहेत, ऐन सणाच्या तोंडावर मंडळीत फूट नको. "पुढच्या वर्षी आपण त्यांच्यावर वेगळा लेख करू, सर. मी शब्द देतो."

मी पान काढलं. छापखान्यात मजकूर जायचा होता, पाहुण्यांसमोर तमाशा नको होता, आणि माझा फोटो आधीच तिकडे जाऊन पोहोचला होता. यातलं शेवटचं कारण मी त्या वेळी स्वतःलाही सांगितलं नाही. पान काढल्यावर मधला धागा तुटत होता म्हणून मी तिथं एक वाक्य घातलं. 'त्या काळात काही जण मागे फिरले, परंतु देवाने आपली मंडळी राखली.' हे वाक्य पाळकसाहेबांनी सांगितलेलं नव्हतं, माझ्याच हातून उतरलं. आमच्यात हे शब्द इतके रुळलेत की कोणी लागोपाठ तीन रविवार दिसला नाही, तरी लोक चहा पिताना म्हणतात, मागे फिरला वाटतं. लहानपणापासून ऐकून ऐकून कानांना त्याचं काहीच वाटेनासं झालेलं. ज्या बाईच्या नावापुढं ते सत्तर वर्षांपूर्वी लिहिलं गेलं, तिला ते कसं लागेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

आईला मी सांगितलं नाही. मावशीलाही कळवलं नाही. ती येणारच नाही, ऐनवेळी तिचे गुडघे दुखतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. असला हलकटपणा माणूस किती सहज करतो.

ती आली. पांढरंशुभ्र पातळ, केसांना तेल, नातवाच्या गाडीतून. दारात तिनं हात जोडून जयभीम केला. आमच्या एका म्हातारीनं तिला ओळखलं, सलाम केला आणि मिठीच मारली. आईला आम्ही पहिल्या बाकावर बसवलं होतं. मावशी तिच्याशेजारी जाऊन बसली. आईनं तिचा चेहरा हातांनी चाचपला, मग तिचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि तो सोडलाच नाही. मी व्यासपीठाच्या बाजूला उभा राहून हे सगळं पाहत होतो. खिशात मूळ पान घडी करून ठेवलेलं होतं. ते काढून वाचता आलं असतं. मी किती वेळा स्वतःला विचारलंय की का नाही वाचलं. माईकसमोर उभा राहिलो, पुढं पाहुणे, डाव्या हाताला पंच, आणि हातात छापील स्मरणिका. मी छापलेलं वाचलं.

ते वाक्य आलं तेव्हा माझा आवाज थोडा चिरकला असेल. पण मी वाचलं आणि पुढं गेलो. आई वाट पाहत होती. मान तिरकी करून, बरा असलेला कान माझ्याकडे करून. मी सगळा इतिहास संपवला, 'आमेन' झालं, टाळ्याही झाल्या. आई अजून तशीच मान तिरकी करून बसलेली. मावशीनं मात्र तिच्या मांडीवरचा हात काढून घेतला होता.

यानंतर आमच्याकडे हजेरी असते. पहिल्या रजिस्टरातल्या घराण्यांची नावं एकेक करून पुकारायची, आणि त्या घरातलं जे कोणी आलं असेल त्यानं उभं राहून 'आहोत' म्हणायचं. आजोबांचं नाव पुकारलं गेलं. आई बाकाला धरून उठली. उठता उठता तिनं बाजूला हात केला, मावशीला उठवायला. मावशी बसूनच राहिली. आईचा हात तिच्या खांद्यावर पडला, तिनं तो हलकेच बाजूला केला, आणि मग ती उठली ती सरळ दाराकडे चालू लागली. आई उभी होती, तिला काही दिसत नव्हतं, आणि ती सारखी विचारत होती, "उठली का गं? उठलीस ना?" 'आहोत' म्हणायचं तिचं राहूनच गेलं. पुढचं नाव पुकारलं गेलं.

त्या दिवशी घरी आल्यावर मी आईला सगळं सांगितलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "आमाला दोघींना बोलावून तू त्येच वाचलंस?" खिशातलं पान काढून मी वाचून दाखवायला लागलो. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "घरात वाचून काय करायचं? ती काय व्हती ते मला म्हाईत न्हाई का? मला देवळात ऐकायचं व्हतं." पुढं दोन-तीन वेळा विचारून पाहिलं. दर वेळी तेच उत्तर आलं.

आठवड्याभरानं मी निमगावला गेलो. मावशीनं चहा दिला, पोहे दिले, आईची चौकशी केली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाली, "तुज्या आजाला मिशनचा पगार व्हता. पोटाला सात मानसं. त्याचं मला कळतं. तुला काय व्हतं रं?"

मी खाली मान घालून बसलो. निघताना ती एवढंच म्हणाली, "तिला सांग, माजा तिच्यावर राग न्हाई. पर त्या देवळाच्या अंगनात मी आता यायची न्हाई."

मार्चमध्ये आई मोरीत घसरून पडली आणि खुबा मोडला. त्यानंतर ती खाटेवरून उठली नाही. तिला गाडीत घालून निमगावला नेणं अशक्य झालं. मी शुद्धिपत्र काढा म्हणून पाळकसाहेबांकडे खेटे घातले. त्यांना खरोखरच वाईट वाटलं होतं. आईच्या खाटेशी बसून त्यांनी तिचा हात धरून क्षमा मागितली, आणि आईनं ती केलीही. पण शुद्धिपत्राला पंचांची मंजुरी हवी. एका बैठकीला कोरम झाला नाही, दुसऱ्या बैठकीत विषय पुढं ढकलला, मग कांदा लावणीचे दिवस आले. आई दर रविवारी मी देवळातून आलो की विचारायची, "वाचलं का?" मी नाही म्हणायचो. दिवाळीच्या आधी एके सकाळी तिनं विचारणं बंद केलं, आणि त्याच आठवड्यात ती गेली.

आमच्यात पुरण्याआधी देवळात प्रार्थना होते, आणि गेलेल्या माणसाचा जीवनवृत्तांत घरच्यांनी लिहून वाचायचा असतो. तो कागद कोणी आधी मागत नाही. ना पाळक, ना पंच. मी आईचा जन्म, लग्न, मुलं सगळं दोन ओळींत उरकलं आणि मग ते पान वाचलं, अक्षरही न गाळता. त्यात एक ओळ वाढवली होती, की माझ्या आईची हीच शेवटची इच्छा होती आणि ती मी वेळेवर पुरी केली नाही. विरोध करणारे दोन्ही पंच समोरच होते, त्यांनी माना वर केल्या नाहीत. पाळकसाहेब रडत होते.

मावशी आली होती. अंगणात यायची नाही म्हणाली होती, पण बहीण गेल्यावर आली, आणि आत येऊन शवपेटीच्या उशाशी खुर्चीवर बसली होती. वाचून झाल्यावर मी तिच्याकडे गेलो आणि पान तिच्यापुढं धरलं. तिनं ते घेतलं नाही. तिचा हात पेटीच्या कडेवर होता, तो तिनं तिथून हलवला नाही.

"हे तिला ऐकवायचं व्हतं रं," ती म्हणाली. "माजं काय, मला ठावंच हाय."